कांदा आळ्याचा, नाव अमेरिकेचं

ऐकलंत का? आळेफाट्यावर कोरिया आलाय म्हणे. आलाय म्हणजे काय, चांगला टपरीवर टांगलाय! पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चारी दिशांनी एसट्या येतात, प्रवासी पाय मोकळे करायला उतरतात आणि टपऱ्यांच्या कपाळावर वेफर्सच्या पाकिटांच्या माळा लोंबत असतात. त्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या माळांत हल्ली एक लालभडक पाकीट घुसलंय. त्यावर मिरची काढलीय, मिरचीला ज्वाळा काढल्यात आणि बाजूला जुन्नर तालुक्यातल्या एकाही माणसाला वाचता येणार नाहीत अशी अक्षरं. तरी पोरांना ती बरोबर कळतात. "काका, कोरियन द्या," एवढंच म्हणायचं. बटाट्याचे वेफर्स मागायची रीतच संपली. काय दिवस आलेत हो!

बरं, गाव कुठलं, याचा तरी विचार करायचा. ज्ञानोबांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले असं वारकरी मानतात, त्या रेड्याची समाधी या आळे गावात आहे. चैत्रातल्या एकादशीला इथे यात्रा भरते. जिथे मुक्या जनावराने वेद म्हटल्याची कथा श्रद्धेने सांगतात, तिथली बोलकी पोरं आता कोरियाच्या आंबवलेल्या मिरचीच्या चटणीला 'गोचुजांग' म्हणतात, आणि तेही अगदी स्वच्छ उच्चारात. ज्यांना शाळेत पाढे म्हणताना घशाला कोरड पडते, ती पोरं! गल्लीतल्या काकूंनी तर हे ऐकून दोन्ही कानांवर हात ठेवले. मग एक हात काढून पाकिटात घातला, ती गोष्ट वेगळी.

आरोपपत्र मोठं आहे. पहिला आरोप बोटांचा. ही नवी भुकटी इतकी लाल की पाकीट संपलं तरी पुरावा संपत नाही. पांढऱ्या शर्टावर बोटं, दप्तराच्या पट्ट्यावर बोटं, भूगोलाच्या वहीत महाराष्ट्राच्या नकाशावर नेमकी कोकणपट्टीत बोटं. आईने विचारलं, "काय खाल्लंस?" तर उत्तर, "काहीच नाही." आणि ओठ तेवढे लाल. पोरं वेफर्स संपले की बोटं एकेक करून चाटतात. त्यांच्या मते खरी मजा तिथेच असते, वेफर नुसतं वाहन आहे.

दुसरा आरोप त्याहून गंभीर. तो धर्माचा. वेफर्स आणि एकादशी यांचं आपल्याकडे जुनं नातं. उन्हाळ्यात गच्चीवर जुन्या साड्या अंथरून बटाट्याच्या चकत्या वाळत घालायच्या, कीस घालायचा, कावळ्यांवर लक्ष ठेवायला घरातलं सगळ्यात रिकामं माणूस बसवायचं आणि ते डबे वर्षभर उपासाला पुरवायचे. पुढे गच्च्यांवर सोलरच्या टाक्या आल्या, चकत्या घालणाऱ्या बायका कामाला जायला लागल्या आणि उपासाला विकतचं खारं पाकीट चालू लागलं. त्यातही मीठ साधं की सैंधव, हा वाद होताच. पण तो सभ्य वाद होता. आता घरातल्या नातवाने यात्रेच्या दिवशी, भर एकादशीला, आजीसमोर ते लाल पाकीट फोडलं. सासूबाईंनी सुनेला चष्मा आणायला लावला आणि पाठीमागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. साखर, मीठ, मिरची, इथपर्यंत ठीक होतं. मग आली कांद्याची भुकटी. तिच्या मागोमाग लसणाची. घरात जी शांतता पसरली म्हणता!

"पण बटाटाच आहे ना आत?" नातवाने विचारलं. प्रश्न रास्त होता. शेवटी शेजारच्या तात्यांना बोलावलं. तात्यांनी पाकीट नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि निकाल दिला: "बटाटा एकादशीचा, भुकटी द्वादशीची. धुऊन खा."

तिसरा आरोप कायद्याचा. राज्य सरकारने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, पिझ्झा वगैरे मंडळींना हद्दपार केलं. २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की जास्त चरबी-साखर-मीठ असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. नियम उत्तम आहे. फक्त नियम करणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत पोरगं किती जोरात पळतं याचा हिशेब केला नव्हता. एक्कावन्नाव्या मीटरवर टपरी उभी करायला कुणाची बंदी नाही, आणि पोरांना तेवढाच व्यायाम.

आता एवढा गहजब झाल्यावर जबाबदार माणसांनी गप्प कसं बसायचं? निषेध करायचा तर वस्तू माहीत हवी. म्हणून संध्याकाळी देवळासमोर बसणाऱ्या मंडळींनी एक पाकीट मागवलं. पहिल्या पाकिटात एकमत होईना, म्हणून दुसरं मागवलं. अभ्यासासाठीच हो!

निष्कर्ष असा. जिभेवर पहिल्यांदा लागतं ते गोड. इथेच अर्धे लोक बिथरले. तिखटाच्या पाकिटात साखर म्हणजे सरळसरळ फसवणूक! मग आंबट येतं, मग लसणाचा नि काहीतरी आंबवल्याचा वास, आणि सगळं संपलं असं वाटताना, पाहुणे उंबरठ्यावर पोचल्यावर येणाऱ्या चहासारखं, तिखट येतं. एका अण्णांना ठसका लागला. ते म्हणाले की तो धुळीचा होता. आजींनी मात्र तीन-चार वेफर्स निवांत चघळले, पाणी मागितलं नाही आणि "मीठ बरंय" एवढाच शेरा मारला. पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा वाटण्यात जिची साठ वर्षं गेली, तिला ज्वाळांची चित्रं काढून कोण घाबरवणार?

तिकडे युरोपात बघा. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी खात्याने तीन प्रकारचे कोरियन नूडल्स बाजारातून परत मागवले. कारण काय, तर त्यातलं तिखट आरोग्याला धोकादायक! जगभर हसू झालं, पुढच्या महिन्यात त्यांनी तिघांतल्या दोघांना परत येऊ दिलं. त्या खात्याच्या अधिकाऱ्यांना एकदा सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात आणून मिरचीच्या ढिगापाशी उभं करायला हवं. नुसतं उभं.

आणि खुद्द कोरिया? तिथलं ऐकाल तर आपलं प्रकरण फारच सोज्ज्वळ वाटेल. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथे मध आणि लोण्याच्या चवीचे वेफर्स निघाले. लोकांनी असे झडप घालून नेले की दुकानं रिकामी पडली. छापील किमतीच्या कितीतरी पट दराने पाकिटं विकली जाऊ लागली. न खपणारा माल खपवायला दुकानदार त्याच्यासोबत हे पाकीट बांधून देऊ लागले. कारखान्याला आग लागली अशी अफवासुद्धा उठली. म्हणजे ज्यांच्या तिखटाला आपण भुललो, ते लोक स्वतः मध-लोण्यासाठी रांगेत उभे होते!

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिथल्या काही विद्यार्थ्यांनी खाऊची दीडशेहून जास्त न फोडलेली पाकिटं चिकटवून तराफा केला आणि त्यावर बसून सोलची हान नदी ओलांडली. म्हणणं एवढंच, की पाकिटात खाऊ कमी आणि हवा जास्त. ती हवा म्हणजे नायट्रोजन. तेल खवट होऊ नये आणि वेफर्सचा चुरा होऊ नये म्हणून भरतात. पण पोरांनी तिच्यावर माणसं तरंगवून दाखवली. आपल्याकडे कुणी हा प्रयोग येडगावच्या धरणात करायला निघालं तर सांगून ठेवते, पाकिटं काठावर पोचायच्या आतच फस्त होतील.

आता खरी गोष्ट सांगते, जी ऐकून मला स्वतःला धक्का बसला. या चवी बटाट्यात नसतातच! कारखान्यात बटाटा सोलायचा, दीडेक मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या, स्टार्च धुऊन काढायचा, दोन-तीन मिनिटं तळायच्या आणि गरम असतानाच फिरत्या पिंपात घालून वरून भुकटी भुरभुरायची. पिंप तेच, बटाटा तोच, तेल तेच. भुकटीचं पोतं बदललं की देश बदलतो. पिवळ्या पाकिटाच्या पोटी जन्मलेला वेफर अर्ध्या तासाने कोरियन होऊ शकतो. एवढं सोपं पारपत्र दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

ही भुकटीची लीला तशी जुनी नाही. इंग्लंडात शंभर वर्षांपूर्वी वेफर्सच्या पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुडी निराळी यायची, ज्याने त्याने आपापलं भुरभुरायचं. १९५४ मध्ये आयर्लंडच्या जो मर्फीने 'टेटो' नावाची कंपनी काढली, आणि चीज-कांद्याची चव कारखान्यातच लावलेले वेफर्स तिथून निघाले. त्यानंतर मग काय, जगाने लाजच सोडली. १९८१ साली वेल्समधल्या एका पबवाल्याने चक्क हेजहॉगच्या चवीचे वेफर्स काढले. हेजहॉग म्हणजे तिकडचा छोटा काटेरी प्राणी. लोकांनी ते खाल्लेसुद्धा! प्रकरण सरकारी खात्यापर्यंत गेलं. आक्षेप प्राण्याला मारण्याचा नव्हता हो. आक्षेप असा होता, की पाकिटात हेजहॉग औषधालासुद्धा नाही, मग नाव कशाला? शेवटी नावात थोडा फेरफार करून तडजोड झाली.

मला तो आक्षेप फार पटला. कारण हाच प्रश्न आळेफाट्याच्या टपरीला विचारला, तर उत्तर कोण देणार?

ते हिरवं पाकीट बघा. 'अमेरिकन स्टाइल क्रीम अँड अनियन'. अमेरिकन! हे पाकीट जिथे लटकतंय, तिथून हाकेच्या अंतरावर आळेफाट्याचा कांदा बाजार आहे. लिलावाच्या दिवशी रस्त्यावर ट्रॅक्टर-पिकअपची रांग. भाव बोलायचा तो दहा किलोला. गोळा कांदा एका बाजूला, मध्यम दुसऱ्या बाजूला, गोल्टी आणि बदला कोपऱ्यात तोंड पाडून. बराखीत महिनोन्‌महिने जपलेला, वारा लागू दिलेला, सडका वेचून काढलेला हा कांदा. त्याचा वास शर्टाला लागला की दोन धुण्यांत जात नाही. आणि त्याच्या नाकावर टिच्चून वर अमेरिका लटकलेली! कळस म्हणजे, डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद ठेवली होती. आमच्या कांद्याला परदेशी जायची सोय नव्हती, बाजार पडला होता, शेतकरी रस्त्यावर आले होते, आणि टपरीवरचा कांदा मात्र तेव्हाही अमेरिकनच होता. त्याला कुणी अडवलं नाही.

बरं, टोमॅटोचं पाकीट? 'स्पॅनिश टोमॅटो टँगो'. स्पॅनिश! नारायणगाव इथून किती लांब? टोमॅटोचा बाजार म्हटलं की महाराष्ट्रात ज्या गावाचं नाव घेतात ते गाव आमच्या शेजारी. वीस किलोचा एक क्रेट, अशी त्याची मोजणी. जुलै २०२३ मध्ये त्या क्रेटने दोन हजारांची रेषा ओलांडली, जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने महिनाभरात कोटीच्या वर कमाई केली, आणि देशभरची वर्तमानपत्रं नि कॅमेरे इकडे धावले. तेव्हा टोमॅटोला पहारे बसवायची वेळ आली होती. आणि ज्या हंगामात तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, तेव्हा हाच टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतला जातो. एवढं सगळं नाट्य ज्याने इथे केलं, त्याला पाकिटावर जागा नाही. जागा स्पेनला. आणि टँगो तर अर्जेंटिनाचा!

राहिला बटाटा. त्याची तर सगळ्यात मोठी फसवणूक. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार हे बटाट्याचं आगार. पेठ, कुरवंडी, कारेगाव, भावडी या भागात पावसाच्या भरवशावर जून-जुलैत लागवड होते. मंचरच्या बाजारात पंजाबातून बेणं येतं. गेली कित्येक वर्षं पठारावरचे शेतकरी वेफर्स कंपन्यांशी करार करून खास वेफर्सची वाणं लावतात. साधा बटाटा इथे चालत नाही. वेफर्सच्या बटाट्यात साखर कमी आणि गर भरीव लागतो. साखर जास्त झाली की तळताना चकती काळी पडते. भाजीचा बटाटा कडक थंडीच्या शीतगृहात ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, म्हणून या राजेशाही बटाट्याला जरा उबदार कोठी लागते. इतके त्याचे लाड. याच पुणे जिल्ह्यात रांजणगावला वेफर्सचा मोठा कारखाना आहे.

आणि मालकीचं म्हणाल, तर २०१९ च्या एप्रिलमध्ये वेफर्सवाल्या पेप्सिकोने गुजरातच्या चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाईचा दावा लावला होता. गुन्हा काय? कंपनीने नोंदवलेलं एफसी-५ नावाचं बटाट्याचं वाण परवानगीशिवाय लावलं. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने खटले मागे घेतले. वाणाच्या नोंदणीचं भांडण मात्र पुढे चालू राहिलं. २०२१ च्या डिसेंबरात नोंदणी रद्द झाली, २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे बघा, बटाट्यावर हक्क कुणाचा यासाठी कोर्टं बसली. कुणी पठाराचं नाव पाकिटावर छापा म्हणून कोर्टात गेलं का? बटाट्याला विचारतो कोण!

यातला सगळ्यात मजेदार भाग तर घरातच आहे. आई ज्या पाकिटावरून पोराच्या पाठीत धपाटा घालते, त्याच पाकिटासाठी मामा पठारावर बटाटा लावतो. कंपनीचा ठरलेला भाव मिळाला, की मामा भाच्यासाठी काय आणतो? लाल पाकीट. मग तिन्हीसांजेला सगळे मिळून या वेफर्सच्या नादाने पिढी कशी बिघडली यावर चर्चा करतात. चर्चा करता करता पाकीट संपतं. माझ्या मते घोटाळा पोरांच्या जिभेत नाहीच. आपण ज्याला नावं ठेवतो त्याचाच कच्चा माल आपल्या बांधावरून जातो, आणि परत येताना तो दुसऱ्याचं आडनाव लावून येतो. किंमत आपण त्या आडनावाची मोजतो. दहा रुपयांचं पाकीट उलटून वजन वाचा आणि किलोचा भाव काढा. मग मंचरला बटाट्याचा भाव विचारा. नको, संध्याकाळ खराब होईल.

हे सगळं मी तावातावाने सांगत होते, तर एका मास्तरांनी माझ्या फुग्याला टाचणी लावली. म्हणाले, "बटाटा दक्षिण अमेरिकेचा, टोमॅटो तिकडचाच, मिरचीसुद्धा पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. तुमचं यात काय?" खरंच की! ज्या ठेच्याच्या जिवावर आम्ही कोरियाला हसलो, त्याची मिरची परकी. आणि बाहेरून आलेलं पोटात घालायची या मुलखाला जुनी खोड. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कोकणातला माल वर जुन्नरला चढत होता, तिथल्या लेण्यांत परदेशी यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. एवढंच कशाला, आळ्याच्या शेजारी बोरीला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय. तो किती जुना यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत, पण काही जण तो थेट सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा मानतात. म्हणजे आशियाच्या पूर्वेकडून आलेली भुकटी या मातीवर पडण्याची ही पहिली वेळ नव्हेच.

मास्तरांचं मी मान्य करते. बटाटा परका होता, पण आला आणि राहिला. पठाराने त्याला पावसावर जगायला शिकवलं, आजीने त्याला उपासाच्या ताटात बसवलं. ज्याने इतकी वर्षं काढली त्याचा पत्ता इथला. कोरियन भुकटीचं काय होईल ते सांगू? ती राहणार नाही. २००९-१० मध्ये लेजने लोकांकडूनच चवी मागवल्या होत्या, आठवतंय? त्यातून 'मस्ताना मँगो' आणि 'हिप हॉप हनी अँड चिली' अशी पाकिटं बाजारात आली होती. गोड-तिखट तेव्हाही होतं, मधही होता, मिरचीही होती. तेव्हा कुणाला कोरिया आठवला नाही. आज ती पाकिटं टपरीवर शोधून दाखवा! चव तीच, पत्ता बदलला की पोरं नव्याने उड्या मारतात.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती कंपन्यांनी फुकट घ्यावी. पत्ताच विकायचा तर आमचा विका. मासवडीच्या चवीचे वेफर्स काढा. जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की जी होते ती मासवडी. बेसनाच्या उकडीत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण, वर झणझणीत रस्सा. तीळ-खोबऱ्याची भुकटी तर भुरभुरायला तयारच आहे. आत मासा नाही म्हणून तिकडच्या हेजहॉगवाल्यासारखी चौकशी लागली, तर आख्खा तालुका साक्षीला येईल.

मात्र कंपनीने आधीच छाती घट्ट करून ठेवावी. पाकीट बाजारात आलं की पहिल्या दिवशी ओतूरवाले म्हणतील की मूळ मासवडी आमची. नारायणगाववाले म्हणतील की ते ठीक, पण रस्सा आमचा. आळ्याच्या बायका पाकीट फोडतील, एक वेफर जिभेवर ठेवतील, तीळ कमी पडलाय, लसूण कच्चा राहिलाय, खोबरं नीट भाजलं नाही, असं म्हणत शेवटच्या चुऱ्यापर्यंत पोचतील आणि एकमुखाने निकाल देतील, की आमच्या घरची अशी नसते. मग खात्री करून घ्यायला आणखी एक पाकीट मागवतील.